शाळेच्या परकराचं कापड

कल्याणच्या मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवायला लागले तेव्हा मला तेविसावं लागलं होतं आणि कापडातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती. ठाण्याला जाऊन-येऊन दोन वर्षं मी शिवणाचा वर्ग केला होता. परीक्षेत पहिली आले होते. अंगठा आणि तर्जनीत कापड धरून नुसतं चोळलं, तरी त्यात खळ किती आणि सूत किती हे मी सांगू शकायचे. आमच्या गल्लीतल्या बायका दुकानात जाताना मला बरोबर न्यायच्या आणि मी मान हलवल्याशिवाय दुकानदाराला कापड फाडू द्यायच्या नाहीत.

त्याआधीची काही वर्षं कापडावर सरकारी कंट्रोल होता, निवडीचा प्रश्नच नव्हता. कंट्रोलच्या दुकानापुढे रांग लावायची, रेशनकार्ड पुढे करायचं आणि जे हातात पडेल ते घेऊन घरी यायचं. एकदा आम्हाला तपकिरी पट्ट्यांचं कापड मिळालं. वडिलांचा लेंगा, धाकट्या भावाचा शर्ट आणि उशांचे अभ्रे, सगळं त्याच पट्ट्यांचं. वडील ठाण्याला कचेरीत नोकरीला होते, तिथे ते धुवट धोतर नेसून जायचे, पण सकाळी तो लेंगा घालून अंगणात उभे राहिले की आई म्हणायची, "उशी उठून बाहेर आली वाटतं."

मग कंट्रोल उठला. दुकानांच्या फळ्यांवर तागे उभे राहिले आणि त्यांतले निम्मे चमकायला लागले. कोणी त्याला आर्टसिल्क म्हणे, कोणी बनावट रेशीम. इतकी वर्षं जाड्याभरड्या कापडात काढलेल्या बायकांना ती चमक बघून हरखायला झालं, यात नवल नव्हतं. मलाही झालं होतं.

त्यात माझा भाऊ नेमका रेयॉनच्या, म्हणजे याच बनावट रेशमाच्या धाग्याच्या कारखान्यात लागला. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. इंटर सायन्स झाला आणि शहाडजवळच्या मोहने गावात नोकरी मिळाली. रोज सकाळी सायकलवरून शहाडच्या पुलाकडे निघायचा तो जग बदलायला निघाल्यासारखा. एका संध्याकाळी तो सुताची एक लड घेऊन आला. पांढरीशुभ्र, हातातून निसटणारी.

आईने ती गालाला लावून पाहिली. "रेशीमच आहे की रे."

"नाही आई, लाकूड आहे."

"लाकूड कसं असेल?"

"लाकडाचा लगदा विरघळवतात. मग बारीक बारीक भोकांतून तो रस सोडतात, त्याचा धागा होतो."

आईने थोडा विचार केला. "म्हणजे रेशमासारखं हे सोवळ्यात चालेल का?"

"ते आमच्या साहेबांना विचारायला लागेल."

"साहेबांना त्यातलं काय कळणार," असं म्हणून आईने लड कपाटात ठेवून दिली, आणि जो येईल त्याला काढून दाखवायला लागली. मुलाचं तिला केवढं कौतुक होतं, ते त्या लडीवरून कळायचं.

त्याच सुमाराला आमच्या शाळेने मुलींना गणवेश करायचं ठरवलं. तोवर मुली हवं ते घालून यायच्या. एखादी जरीकाठी परकर मिरवायची, तर तिच्या शेजारी बसलेली आईच्या विरलेल्या लुगड्यातून बेतलेल्या परकरात अंग चोरून बसायची. फाळणीनंतर शहाडच्या पलीकडे निर्वासितांची छावणी वसली होती, तिथल्याही काही मुली शाळेत यायला लागल्या होत्या. त्यांच्याकडे एकच एक सलवार-खमीस असे. मुख्याध्यापिकांना, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंना, हे बघवत नव्हतं. पांढरं पोलकं आणि निळा परकर असं ठरलं.

शाळेच्या कमिटीवर गावातले एक कापडवाले शेठ होते. सज्जन माणूस, शाळेला बाकं त्यांनीच दिलेली. ते परकरासाठी एक नमुना घेऊन आले. गर्द निळं आर्टसिल्क. हातावर टाकलं की पाण्यासारखं ओघळायचं.

मोठ्या बाईंनी मला बोलावून तो तुकडा दिला. "तुम्ही बघा आणि पुढच्या आठवड्यात कमिटीपुढे काय ते सांगा. घ्यायचं तर का, नाही घ्यायचं तर का. कारणं हवीत. नुसती आवडनिवड नको."

मी म्हटलं, "आज रात्रीपर्यंत सांगते."

"घाई नाही," त्या म्हणाल्या.

मला मात्र होती. घरी जाऊन मी शिवणाच्या वर्गात शिकलेली परीक्षा केली. रेशीम किंवा लोकर जाळली तर केस जळल्यासारखा वास येतो, सूत जाळलं तर कागद जळल्यासारखा. मी नमुन्याचा एक धागा काढून चुलीतल्या निखाऱ्यावर धरला. कागदाचा वास. शेजारी माझ्या जुन्या सुती पदराचा धागा जाळला. कागदाचाच वास, तशीच भुरी राख. म्हणजे हे सुताच्याच जातीचं, म्हणजे चांगलंच. मी मनात भाषण तयार करायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाडीकडच्या कोळीवाड्यातली एक मासेवाली आली. माझ्याकडे ती चोळ्या शिवायला द्यायची. चाळिशीची असेल. बाजार उरकला की रिकामी पाटी घेऊन यायची आणि कितीही आग्रह केला तरी ओटीवरच बसायची, "अंगाला मावऱ्याचा वास हाय" म्हणून. मावरं म्हणजे मासळी. शिवणातला एक टाका तिरका गेला तरी तिला दिसायचा. तिला शिवलेली चोळी देताना मी जरा बिचकूनच असायचे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत तिला तो निळा तुकडा दाखवला.

"ह्यो काय गो बाय?"

"शाळेतल्या मुलींच्या परकरांसाठी. कसा वाटतो?"

तिने बोट फिरवलं. "मऊ हाय. रंग पन चांगला हाय. भिजवलास का?"

"अजून नाही."

"मंग बघितलास काय?"

 तिने तांब्याभर पाणी मागितलं. तुकड्याचं एक टोक पाण्यात बुडवलं, पिळलं, दोन मुठींत धरलं आणि जोर न लावता ओढलं. कापड जुन्या वर्तमानपत्रासारखं फाटलं. मग कोरडं टोक तसंच ओढलं. ते फाटलं नाही. नंतर तिने आपल्या लुगड्याचा काठ माझ्या हातात दिला. सकाळपासून पाण्याबर्फात वावरलेला तो काठ अजून ओला होता. "वर आता." ओढ, असं तिला म्हणायचं होतं. मी अंगातला सगळा जोर लावला. ते जाड सुती लुगडं हललंसुद्धा नाही.

"दोन सालांमागं मी पन असा एक चमकीवाला लुगरा घेतला," ती सांगायला लागली. "घरचा मालक बोलला, झकास दिसतंय. तोच नेसून मी खाडीन शिंपल्या काढाला गेले. कंबरेएवढ्या पान्यान वाकले नि मागून फाटला तो पार वरपर्यंत. वर यायची सोय नाय. भरतीचा पानी वर वर चरायला लागला. संगतीची माझी जाऊ घरी धावली, दुसरा लुगरा आनला, तो डोक्यावरून हातान हातान पान्यान पोचवला, तवा मी बाहेर आले."

हे सांगताना ती हसली नाही, म्हणून मीही हसले नाही. भरतीच्या पाण्यात असं अडकून उभं राहावं लागणं हा हसण्याचा विषय नव्हता.

"तुझ्या पोरी खाडीन जायच्या नाय," ती उठताना म्हणाली. "पन पावसान भिजतील. परकर दगडावर आपटून धुतील. सुक्या कपऱ्याला कोन पन चांगला बोलंल."

ती गेली आणि मी ओटीवर तशीच बसून राहिले. दोन वर्षांच्या वर्गात आम्हाला कापड जाळायला शिकवलं होतं, भिजवायला कोणी सांगितलं नव्हतं. आणि कपडे तर कोणी जाळत नाही, रोज भिजवतात.

संध्याकाळी भाऊ घरी आला. फाटलेला तुकडा टेबलावर पडला होता.

"ताई, हे काय केलंस?"

"तुझं रेयॉन," मी म्हणाले. माझ्या बोलण्यात नको इतका तोरा होता. "ओलं झालं की फाटतं. शाळेला नको म्हणून सांगणार आहे मी."

"हे आमच्या धाग्याचं नाहीये. कुठून आलंय, कोणी विणलंय, काही माहीत आहे का तुला? एक चिंधी फाडलीस आणि निकाल देऊन मोकळी."

"मग तुझ्या धाग्याचं कापड आण, तेही भिजवते."

रात्री आम्ही जेवायला बसलो. आईने दोघांच्याही पानात भात वाढला आणि एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला न सांगता निघून गेला. रोज निघताना "येतो गं ताई" म्हणायचा. ते न ऐकता माझा दिवस चांगला गेला नाही. माझं म्हणणं चूक नव्हतं, पण ते मी त्याच्या तोंडावर फेकलं होतं.

त्या संध्याकाळी तो सायकल लावून थेट माझ्यासमोर येऊन बसला.

"विचारून आलो," तो म्हणाला. "आमच्याकडे धागा तपासणारे एक जण आहेत, त्यांना. या जातीचा धागा ओला झाला की निम्मा कमजोर होतो. कुठेही बनवलेला असो. वाळला की पुन्हा पहिल्यासारखा. त्यात लपवायचं काही नाही म्हणाले, त्याचा स्वभावच तो."

मी हातातलं शिवण बाजूला ठेवलं.

"आणि कापसाचं उलटं आहे. कापूस भिजला की जास्त बळकट होतो."

"मग जाळल्यावर दोन्हींचा वास सारखा कसा?"

"कापूस झाडाचा, लाकूडही झाडाचंच. दोन्ही कागदासारखंच जळणार." त्याने टेबलावरचा फाटका तुकडा हातात घेतला. "मला राग आला तो तुझा नाही. चार महिने मी सगळ्या मित्रांना सांगत सुटलोय, की पुढे लोक हेच घालणार."

"घालतील की," मी म्हणाले. "ज्यांना दगडावर आपटायचं नाही, ते घालतील."

तेव्हा कुठे तो हसला. मला त्याचा फार अभिमान वाटला. आपल्याच कामातलं उणं स्वतः विचारून येऊन घरी सांगायचं, हे सोपं नाही. तिशी-चाळिशीतल्या माणसांनाही ते जमत नाही. तो वीस वर्षांचा होता.

कमिटीच्या बैठकीला मी गेले ती तो तुकडा, भिवंडीच्या हातमागावरचं एक जाड सुती कापड आणि पाण्याचं भांडं घेऊन. कमिटीवरचे एक वकील भांडं बघून म्हणाले, "बाई, पूजा आहे की काय?"

शेठ समोरच बसले होते. त्यांच्या देखत त्यांचं कापड फाडायचं मला नको वाटलं. म्हणून मी ते त्यांच्याच हातात दिलं. "शेठ, तुम्हीच भिजवा आणि ओढून बघा."

त्यांनी भिजवलं, पिळलं, ओढलं. खोलीत फाटण्याचा आवाज झाला. मग मी सुती तुकडा दिला. तो त्यांनी दोनदा ओढला, दुसऱ्यांदा दात आवळून.

वकील म्हणाले, "पण दिसायला ते निळं फारच छान आहे. समारंभाला पाहुणे येतात. मुली उठून दिसल्या पाहिजेत."

"पाहुणे वर्षातून एकदा येतात," मी म्हटलं. "परकर रोज धुवावा लागतो. ज्या मुलीकडे एकच परकर असेल, ती तो रात्री धुऊन सकाळी घालणार. पावसाळ्यात अर्धवट ओलाच घालणार. तो वर्गात उठता-बसता फाटला तर ती दुसऱ्या दिवशी शाळेत येणार नाही."

"हळू हाताने धुवा, अशी चिठ्ठी देता येईल घरी," शेठ म्हणाले, पण त्यांचा आवाज आधीच पडला होता.

"शेठ, चिठ्ठी वाचून धुणं कोण धुतं?"

त्यांनी फाटलेला तुकडा नीट घडी करून खिशात घातला. "बरोबर आहे तुमचं. भिवंडीचं कापड मी मागवतो. निळा रंग मात्र मी निवडणार."

निळा त्यांनी फार सुरेख निवडला. जून महिन्यात शाळा भरली तेव्हा पटांगणात सगळ्या मुली सारख्या दिसत होत्या आणि मोठ्या बाई पायरीवर उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मीही माझ्यावर खूश होते.

ही खुशी पंधरा दिवस टिकली. पहिल्या दोन-तीन धुण्यांत सगळे परकर चार-चार बोटं आटले. घोट्यापर्यंतचे परकर पोटऱ्यांवर गेले. एक आई मुलीला हाताला धरून शाळेत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई, माझी मुलगी पंधरा दिवसांत एवढी वाढली की काय?" मी कापड ओलं करून ताणलं होतं, पण भिजवून, वाळवून, पुन्हा मोजलं नव्हतं. हातमागाचं कोरं कापड बेतण्याआधी एक रात्र पाण्यात ठेवायचं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. कमिटीत जिंकल्याच्या भरात मी ते सांगायचंच विसरले.

मी मोठ्या बाईंकडे गेले. "चूक माझी आहे. शेठची नाही आणि मागावाल्याचीही नाही. मला शिवणाचे पंधरा दिवसांचे तास द्या, मी सगळे परकर दुरुस्त करून देते."

"कसे?"

"मुली वाढतात म्हणून खाली वीतभर मुडप ठेवायला लावली होती. ती उसवून परकर खाली सोडायचे. आटायचे तेवढे ते आटले आहेत, आता आटणार नाहीत."

मग मी एकेका वर्गात जाऊन मुलींना सांगितलं की चूक बाईंची झाली आहे आणि ती आपण सगळ्या मिळून उसवणार आहोत. मुलींना फारच आनंद झाला. बाईंची चूक उसवायला मिळणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

मुडप सुटली, परकर लांब झाले, पण जिथे जुनी घडी होती तिथे सगळीकडे एक फिकट रेघ उमटली. इस्त्रीने जाईना, धुऊन जाईना. दोनशे परकरांवर दोनशे रेघा. मी एक परकर मांडीवर घेऊन विचार करत बसले होते. सातवीतली एक मुलगी माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. छावणीतून यायची, अजून मराठी तिला धड येत नव्हतं आणि वर्गात ती कधी तोंड उघडायची नाही.

"बाई, इसपर टाका मारू?"

"कुठला टाका?"

तिने पांढरा दोरा घेतला आणि त्या रेघेवरून असा साखळी टाका घालत गेली, की मी बघतच राहिले. एकसारखा, घट्ट, दर चौथ्या कडीला एक छोटी गाठ. आईने शिकवला म्हणाली. रेघ त्याच्याखाली नाहीशी झाली. निळ्यावर पांढरी साखळी इतकी शोभली, की वाटावं आधीपासून तसंच ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशीपासून तीच मुलगी वर्गात उभी राहून मुलींना टाका दाखवायला लागली. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मी मागच्या बाकावर बसून शिकले. तो टाका मला ठाण्याच्या वर्गात कोणी शिकवला नव्हता. पंधरा दिवसांत दोनशे परकरांना साखळी लागली आणि आमच्या शाळेची मुलगी बाजारातून चालली तरी लांबून ओळखू यायची. दुसऱ्या एका शाळेच्या बाई डोंबिवलीहून मुद्दाम येऊन विचारून गेल्या, की ही कल्पना कोणाची. मी त्या मुलीला बोलावून पुढे उभं केलं.

ते परकर टिकले. मोठ्या बहिणीचा धाकटीला, धाकटीचा शेजारच्या मुलीला. काही घरांत पुढे त्यांच्या पिशव्या झाल्या. भाऊही कारखान्यात वर चढला. त्याच्या लग्नात त्याने मला रेयॉनची साडी घेतली, गुलाबी. दिवसभर मी ती मिरवली आणि सगळ्या बायकांनी हात लावून पाहिली. ती धुताना मी बादलीत हलकेच बुचकळून काढली, पिळली नाही. प्रत्येक कापडाचा स्वभाव ओळखून त्याच्याशी वागावं, एवढं मला तोवर कळलं होतं.

साखळी टाका शिकवणाऱ्या त्या मुलीने मॅट्रिकनंतर ठाण्याला जाऊन शिवणाची परीक्षा दिली आणि आमच्याच शाळेत माझ्या हाताखाली लागली. तोवर तिचं मराठी माझ्यापेक्षा झणझणीत झालं होतं. पहिल्याच आठवड्यात मी पोलक्यांसाठी पसंत केलेला एक तागा तिने खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला.

"बाई, याचे आडवे धागे तिरके गेलेत. धुतल्यावर पोलकं एका बाजूला पिळवटणार."

मी चष्मा लावून पाहिलं. तिचं खरं होतं. मी तागा गुंडाळला आणि आम्ही दोघी शेठच्या दुकानात तो बदलून आणायला निघालो. दुकानात शिरताना मी मुद्दामच एक पाऊल मागे राहिले, आणि शेठशी बोलायचं काम तिने केलं.